त्रेचाळीस दातांची फणी

निर्यात खात्याचे साहेब पहिल्यांदा आमच्या कारखान्यात आले ते दारातच ठेचकाळले. पडता पडता चौकट धरून सावरले आणि म्हणाले, "हा बघा, पहिला अडथळा." आम्ही सगळ्या जणी खळखळून हसलो. मला वाटलं, चला, सरकारी माणूस असून विनोदी दिसतोय. पुढच्या काही वर्षांत माझी खात्री पटली की तो विनोद नव्हताच. त्या माणसाला खरोखरच जिकडेतिकडे अडथळे दिसायचे, आणि ते दूर करायलाच आपला जन्म झालाय असं त्याला मनापासून वाटायचं. आम्ही त्यांचं नाव अडथळेसाहेब ठेवलं. तोंडावर अर्थात नुसतं साहेब.

कारखाना म्हणजे फार काही डोळ्यांसमोर आणू नका. घराच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, तिला तीन खिडक्या, खिडक्यांखाली एका ओळीत आठ शिकंजे आणि आठ स्टुलं. तिथं आम्ही लाकडी फण्या करतो. करायचो, असं म्हणायला हवं. पण जिभेची सवय जात नाही. वखारीतून आणलेल्या फळीच्या पट्ट्या कापायच्या, पट्टी शिकंज्यात उभी पकडायची, बारीक करवतीनं एकेक दात पाडायचा, मग कानस, मग पॉलिश पेपर, आणि शेवटी आठ दिवस तेलात मुरवायची. सासूबाई, मी आणि सहा बायका, अशा आम्ही आठ जणी. आमचे हे लाकूड आणायचे, माल पोचवायचे आणि उरलेला सगळा वेळ काळजी करायचे. ते काम मात्र त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही.

त्या काळी काळजी करण्यासारखं होतंही. प्लास्टिकच्या कंगव्यांनी आम्हाला बाजारातून हुसकावून लावलं होतं. दुकानदार आमची फणी हातात घ्यायचे, "काय सुंदर काम आहे" म्हणायचे आणि परत ठेवून द्यायचे. आशा एकच होती. समुद्रापलीकडच्या एका देशातले लोक लाकडी फणी हौसेनं वापरतात, आणि एके काळी आमचा निम्मा माल तिकडेच जायचा. मग एक दिवस त्या देशानं ठरवलं की आमच्याकडच्या लाकडातून कीड येते. झालं, सगळं बंद. अहो, आमची फणी आठ दिवस तेलात पडलेली असते, कीड तिच्या नुसत्या वासानं मरेल. पण हे त्यांना सांगणार कोण? ते सांगायला सरकारनं साहेबांना नेमलं होतं. परदेशांनी आपल्या मालाच्या वाटेत घातलेले अडथळे काढायचे आणि निर्यात वाढवायची, यासाठी एक अख्खा विभागच उघडला होता. तिकडचं दार उघडलं तर आमचा कारखाना जगणार होता, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत शिकंजे भंगारात जाणार होते.

साहेबांनी एकदा आमच्यासारख्या लहान कारखानदारांचा मार्गदर्शन मेळावा भरवला. मोठं सभागृह, मऊ खुर्च्या, पडद्यावर चित्रं. एका चित्रात एक जाडजूड बाण होता, तो डावीकडून निघून उजवीकडे वर वर जात होता. माझ्या शेजारी एक साबणवाली बसली होती, ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "हा बाण कुणाचा आहे हो?" मी म्हटलं, "आपलाच असणार, बोलावलंय तर आपल्यालाच." आमचे हे मात्र मान खाली घालून भराभर वहीत उतरवून घेत होते. घरी येऊन वही उघडली तर आत नुसता बाण.

मेळावा संपल्यावर साहेबांनी यांना बाजूला घेतलं. "तुमच्या फणीचा एक नमुना द्या मला," ते म्हणाले. "बोलणी करताना त्यांच्यापुढे ठेवायला काहीतरी हवं. रोजच्या मालातला कुठलाही उचलून द्या."

रोजच्या मालातला कुठलाही. हे शब्द साहेब दोनदा म्हणाले होते आणि यांनी घरी येऊन ते जसेच्या तसे सांगितले होते. आम्ही ते ऐकले आणि सोडून दिले. परदेशच्या सरकारपुढे ठेवायची वस्तू, आणि ती रोजच्या मालातली? इज्जत आहे की नाही काही? आमच्याकडे नमुना नेहमी थोरल्या हाताचाच जातो, अगदी सासऱ्यांच्या वेळेपासून. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दाखवायची फणीसुद्धा थोरल्यानं करायची, मग मागणी आली की बाकीच्यांनी हात लावायचा. आणि थोरला हात म्हणजे सासूबाईंचा.

"तीन दिवस मला कुणी हाक मारायची नाही," सासूबाईंनी जाहीर केलं. पहिला दिवस त्यांनी नुसत्या पट्ट्या निवडण्यात घालवला. ही वाकडी, ती तिरक्या रेषेची, ही गाठीची. दुसऱ्या दिवशी दात पाडले. मधल्या खिडकीशी बसून, ओठ घट्ट मिटून, पाठ अशी ताठ की जणू कुणी फोटोच काढतंय. तिसऱ्या दिवशी घासणं. ती फणी तयार झाली तेव्हा आम्ही सगळ्या भोवती जमलो आणि ती या हातातून त्या हातात फिरत राहिली. मला मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू? सव्वीस वर्षं मी त्याच खोलीत दात पाडत होते आणि माझ्या हातून असं काही उतरलं नव्हतं.

नमुन्यासोबत एक फॉर्म होता. त्यात शेवटी एक ओळ होती, 'सदर नमुना नेहमीच्या उत्पादनाप्रमाणेच आहे.' खाली सहीची जागा. यांचं पेन तिथं येऊन अडलं आणि यांनी माझ्याकडे पाहिलं.

"करा सही," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

त्यानंतर सात वर्षं बोलणी चालली. सात. साहेब अधूनमधून यायचे, चहा घ्यायचे आणि सांगायचे की पाचवी फेरी झाली, आता सहावी. तिकडचे लोक कागद मागतात, आपण कागद देतो, मग ते त्या कागदावरचा कागद मागतात. साहेबांचे केस आमच्या डोळ्यांदेखत पांढरे झाले. त्या माणसानं मेहनत घेतली, हे मी कुणाहीपुढे सांगेन. दुसरा असता तर केव्हाच फाइल बांधून माळ्यावर टाकली असती. इकडे आमच्या सहांपैकी दोघी काम सोडून गेल्या, एक शिकंजा आम्हीच विकला. हे रोज सकाळी टपालाची वाट बघायचे आणि रोज दुपारी टपाल आणणाऱ्यावर चिडायचे.

आणि मग एक दिवस साहेब धावतच आले. या खेपेला चौकटीला ठेचकाळले नाहीत. "उघडलं!" एवढंच म्हणाले आणि स्टुलावर बसले. करार झाला होता. त्या देशानं सगळ्याच लाकडी मालावरची बंदी उठवली नव्हती, पण एक यादी केली होती, आणि यादीतल्या वस्तूंना वाट मोकळी होती. आमची फणी त्या यादीत होती. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मेवालीनं, म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या कामवालीनं, करवत खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात तिकडच्या एका व्यापाऱ्याची मागणीही आली. तीन महिन्यांत तीनशे फण्या, आणि पसंत पडल्या तर पुढे चालू.

यादीचा कागद साहेबांनी माझ्या हातात दिला. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "अनुक्रमांक सतरा. हाताने दात पाडलेली लाकडी फणी. दात त्रेचाळीस. सोबतच्या मोहोरबंद नमुन्याप्रमाणे."

"त्रेचाळीस?" मी थांबले. "हे त्रेचाळीस कुठून काढले?"

"नमुन्यावरून मोजले त्यांनी," साहेब कौतुकानं म्हणाले. "फार काटेकोर लोक आहेत."

आता तुम्हीच सांगा, फणीचे दात कुणी मोजतं का? आमच्याकडे दोन पिढ्यांत कुणी मोजले नव्हते. दात नजरेनं पाडायचे, जेवढे बसतील तेवढे. साहेब गेल्यावर आम्ही पहिल्यांदा मोजायला बसलो. माझ्या फणीला अडतीस. धाकटीच्या, म्हणजे सगळ्यात लहान कामवालीच्या, फणीला एकोणचाळीस. चष्मेवालीच्या फणीला चाळीस, आणि त्यावर ती संध्याकाळपर्यंत नाक वर करून फिरली. सासूबाईंच्या रोजच्या फणीला एकेचाळीस. पुन्हा मोजले, तरी एकेचाळीसच. त्रेचाळीस दात सासूबाईंनी आयुष्यात एकदाच पाडले होते, सरकारसाठी.

पेन्सिलीनं खुणा करून पाहिल्या. खुणा बरोबर त्रेचाळीस बसायच्या, पण करवत हातात जराशी डुलली तरी ती लाकूड जास्त खाते, दात बारीक होतो आणि घासताना मोडतो. टोपली मोडक्या फण्यांनी भरली. यंत्रावर कापाव्यात तर कागदावर 'हाताने' लिहिलेलं. शेवटी हे साहेबांच्या ऑफिसात गेले आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आले.

"नमुना बदलायचा म्हटलं तर बोलणी पुन्हा पहिल्यापासून," हे म्हणाले. "साहेब म्हणतात, अजून सात वर्षं धरून चाला. आणि म्हणतात, फॉर्मवर सही तुमचीच आहे, नेहमीच्या उत्पादनाप्रमाणे म्हणून." यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

सासूबाई मात्र चिडल्या नाहीत. खरं सांगायचं तर त्या खुलल्या. एकाहत्तर वर्षांच्या बाईला कुणीतरी समुद्रापलीकडून सांगत होतं की आम्हाला तुमच्यासारखंच हवं, दुसऱ्याचं चालणार नाही. "एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "मी पाडते. तुम्ही पट्ट्या कापा आणि घासायचं बघा."

त्या दिवसापासून त्या सकाळी चहा झाला की मधल्या खिडकीशी बसायच्या त्या उजेड जाईपर्यंत. दिवसाला तीन फण्या व्हायच्या, कधी चार. माल वेळेत जायला रोज चार लागत होत्या, त्यातली उरलेली एक माझ्या वाट्याला होती. मला त्यांनी शिकवायला घेतलं, आणि शिकवणं म्हणजे काय, निव्वळ अपमान. "तुझा हात जाड. करवतीला ढकलतेस कशाला? ती काय म्हैस आहे? जाऊ दे तिला, तिची ती जाते." मग एक दिवस वैतागून त्यांनी माझा हात आपल्या हातात धरला आणि त्या हातानं दात पाडून दाखवले. लग्न होऊन मी त्या घरात आल्यापासून सासूबाईंनी माझा हात तसा कधी धरला नव्हता. मला भरून आलं. त्यांना कळू नये म्हणून मी भुसा डोळ्यात गेला म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, "डोळे सांभाळ, दुसरे मिळत नाहीत."

दोन महिन्यांनी माझ्या तीन फण्यांतली एक त्रेचाळिसाची उतरायला लागली. माल वेळेवर गेला. तिकडे मोजला गेला, पास झाला, आणि व्यापाऱ्यानं पुढच्या खेपेला सहा महिन्यांच्या मुदतीनं दुप्पट मागवला. आमच्या घरात तेव्हा जो आनंद झाला तो मी नाकारणार नाही. विकलेल्या शिकंज्याच्या जागी नवा आला. सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली.

आता जे सांगायचंय ते सांगते.

दुसरा माल चालू असताना सासूबाईंचा डावा खांदा चौकटीला लागायला लागला. एकदा, दोनदा, मग रोज. शेजारी ठेवलेला चहाचा कप त्यांच्या हातानं सांडायचा, कारण तो तिथं आहे हे त्यांना ठाऊकच नसायचं. एकदा म्हणाल्या, "दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं गं, छान वाटतं." मी चष्मेवालीला विचारलं. ती म्हणाली, मोतीबिंदू असेल, पिकू दे, मग काढता येतो. मला ते ऐकायचंच होतं, म्हणून पटलं. शिवाय त्यांचे दात सरळच पडत होते. नाकासमोर शिकंज्यात जे असायचं ते त्यांना स्वच्छ दिसायचं, मग डोळे बिघडलेत असं कसं म्हणायचं? कुणी म्हणालंच तर मी हेच उत्तर द्यायची. पण त्या जिना उतरताना पायरी चाचपायच्या, ते मी पाहिलं होतं. बाजूनं कुणी आलं की दचकायच्या, तेही पाहिलं होतं. मी मनाशी ठरवलं, एवढा माल गेला की डॉक्टरकडे नेऊ. तो माल गेला आणि तिसरा आला.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. तिसऱ्या मालाची तपासणी करायला साहेब आले तेव्हा मी त्यांना नळापाशी गाठलं. हे जवळपास नाहीत असं पाहून म्हटलं, "साहेब, तेवढी ती त्रेचाळिसाची अट काढून टाका हो. चाळीस करा, अडतीस करा. आईंच्या डोळ्यांना झेपत नाही आता."

साहेबांनी ताबडतोब डायरी काढली. त्यांच्या चेहऱ्यावर एक तरतरी आली, जशी यांच्या चेहऱ्यावर चांगलं लाकूड पाहिल्यावर येते. "आधी का नाही सांगितलंत वहिनी? हा तर अडथळाच आहे," ते म्हणाले आणि लिहून घेतलं. "वेळ लागेल. पण मी मागे लागतो."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी नळावर हात धुतले आणि आत जाऊन पट्ट्या कापायला बसले. आता साहेब बघतील, असं वाटलं. मधल्या खिडकीशी सासूबाई करवत चालवत होत्या आणि मी त्यांना काहीच बोलले नाही.

पाच-सहा महिने गेले. एका सकाळी सासूबाई स्टुलावर बसल्या, करवत उचलली, आणि शिकंज्यातली पट्टी त्यांना सापडेना. हातानं चाचपली, सापडली. करवत टेकवली ती बोटावर. रक्त आलं. "आज उजेड कमी आहे का गं?" त्यांनी विचारलं. भर सकाळ होती, तिन्ही खिडक्या उघड्या होत्या.

त्याच दिवशी नेलं. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं, मग सासूबाईंना बाहेर बसवून मला आत बोलावलं. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. तो कडेनं खात येतो आणि मधली नजर शेवटी नेतो, म्हणून माणसाला आणि घरच्यांना कळत नाही, असं त्या म्हणाल्या. वेळेवर थेंब घातले असते तर जिथल्या तिथं थांबला असता. गेलेली नजर मात्र परत येत नाही.

"आधी का नाही आणलंत?" त्यांनी विचारलं.

"माल होता," मी म्हणाले.

"कसला माल?" त्यांनी विचारलं.

घरी आम्ही त्यांना सांगितलं की औषध चालू आहे, बरं वाटेल. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून मधल्या खिडकीशी येऊन बसल्या आणि करवतीऐवजी पॉलिश पेपर मागितला. घासायचं काम त्या हातांनी करायला लागल्या. बोट फिरवून सांगायच्या, हा सतरावा दात जाड राहिलाय, कुणाचा आहे? बहुतेक वेळा माझाच असायचा. आता त्रेचाळिसाचे दात मी पाडत होते, आणि चष्मेवालीलाही जमायला लागलं होतं. महिन्याला शंभर फण्या जात होत्या. कारखाना चालू राहिला. त्याची काय किंमत झाली ते आम्ही एकमेकांना बोलून दाखवत नव्हतो.

मी नळापाशी बोलले होते त्याला दीड वर्ष झालं तेव्हा साहेब आले. सोबत एक फोटोवाला होता, त्याच्या हातात दिव्याची छत्री. विभागाचं पुस्तक निघणार होतं, निर्यातीच्या यशाच्या गोष्टींचं, आणि त्यात आमची फणी होती. पण साहेबांना आधी बातमी सांगायची होती. तेलाच्या डब्यापाशी उभं राहून त्यांनी ती मला सांगितली, आणि हेही शेजारी येऊन उभे राहिले.

"काढली अट," साहेब म्हणाले. "वहिनी, तुमचा शब्द मी विसरलो नव्हतो. चार बैठका घेतल्या. त्यांचं म्हणणं पडलं की दातांचा आकडा सोडायचा तर मग हाताने पाडले की यंत्राने हे तपासायचं कसं? म्हटलं, मग तेही सोडा. सोडलं! आता कुठलीही लाकडी फणी जाईल. वर्षभरात निर्यात दहापट होईल, बघाच."

"कुणाची?" मी विचारलं.

"म्हणजे काय? आपली."

आमच्या यांचा चेहरा मी पाहिला. हायवेवर एक प्लास्टिकच्या कंगव्यांचा मोठा कारखाना आहे, हे यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी सहा महिन्यांपूर्वी लाकूड कापायची यंत्रं आणली तेव्हा हे म्हणाले होते की ते लोक लाकडाचं काय करणार, देव जाणे. आता देवाला विचारायची गरज उरली नव्हती. एक यंत्र आमच्या वर्षाच्या फण्या आठवड्यात कापतं. तिकडच्या व्यापाऱ्याचं पत्र गेले तीन आठवडे आलेलं नव्हतं, आणि ते का आलेलं नव्हतं हे मला तेलाच्या डब्यापाशी उभ्या उभ्या कळलं. मी स्वतः मागितलेलं होतं ते.

साहेबांना काही कळलं की नाही कोण जाणे. कळलं असेल, कारण ते उगाच म्हणाले, "स्पर्धा तर असतेच, वहिनी. तुमचा दर्जा आहे ना." मग वळून आत गेले.

सासूबाई मधल्या खिडकीशी ताठ बसल्या होत्या. फोटो काढणार हे धाकटीनं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी तिच्याकडून वेणी घालून घेतली होती. फोटोवाल्यानं दिवा लावला, छत्री उघडली, म्हणाला, "आजी, इकडे बघा." त्यांनी मान वळवली ती भिंतीकडे. "आजी, इकडे, माझ्याकडे." मान दुसऱ्या बाजूला गेली. फोटोवाल्यानं साहेबांकडे पाहिलं आणि साहेबांनी माझ्याकडे. कुणीतरी बोलायला हवं होतं.

"त्यांना दिसत नाही," मी म्हटलं.

साहेब जागच्या जागी थिजले. मग फोटोवाल्याकडे वळून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग आपण फक्त हात घेऊ. हातच तर महत्त्वाचे आहेत."

शिकंज्यात पट्टी लावली. सासूबाईंच्या हातात करवत दिली. त्यांनी अंगठ्यानं पट्टीची कड शोधली आणि करवत टेकवली, आणि ती जागेवर टेकली. दिवा चमकला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "साहेब, मघाशी तुम्ही डब्यापाशी काय सांगत होतात? कसली अट काढली?"

"दातांची, आजी. आता कितीही चालतात."

"कितीही?"

"हो. अडतीस, चाळीस, कितीही."

"आणि यंत्राचे?"

साहेब घुटमळले. "यंत्राचेही."

सासूबाईंनी करवत मांडीवर ठेवली. सगळ्या जणींच्या करवती थांबल्या होत्या. "ही कुठंय?" त्यांनी विचारलं.

"मी इथंच आहे, आई." मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं नाही, समोर खिडकीकडेच ठेवलं.

"तू सांगितलंस यांना अट काढायला?"

"हो."

"कधी?"

"तिसऱ्या मालाच्या वेळी." मी म्हटलं, "तुमच्या डोळ्यांना त्रास होत होता म्हणून."

"म्हणजे तुला कळलं होतं."

मी पट्टीवरचा भुसा झाडला.

"साहेबाला सांगितलंस," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "डॉक्टरला का नाही सांगितलंस?"

हे तेलाच्या डब्याकडे बघत होते आणि साहेब डायरीकडे. मी उत्तर शोधलं, आणि माल होता याशिवाय मला आजतागायत दुसरं सापडलेलं नाही.

फोटोवाला बिचारा परका माणूस, त्याला पुढच्या ठिकाणी जायचं होतं. "आजी, करवत पुन्हा हातात घ्या ना," तो म्हणाला. "एकच फोटो राहिलाय."

त्यांनी ती घेतली.